अर्जदार धाकलू नागो झोरे

खानापूरच्या कचेरीसमोर, शिरसाखाली, माझं टेबल.
यंत्रं दोन : एक मराठी, एक कन्नड.
तो बुधवारचा यायचा,
खांद्यावर घोंगडं, पळसाच्या पानात खवा.
"मास्तर, लिवा."

नाव धाकलू. चार भावांत शेवटचा.
पण रेडकू हरवलं, सोयरीक मोडायला आली,
वाटणीवरून काठ्या निघाल्या
की घाटातल्या बावीस वाड्यांवर
एकच बोलणं : थोरल्याला इचारा.

पहिला अर्ज रस्त्याचा.
बायकोला फुरसं चावलं होतं.
झोळी करून रानातून आठ मैल आणली,
नदीच्या उतारावर झोळी जड झाली,
असं त्यानं सांगितलं.
मी टाइप केलं : वाटेत मयत.
"काय लिवलंसा? वाचा."
वाचलं.
"तसं नगं. जड झाली, तसंच लिवा."
साहेबाला कळायचं नाही, मी म्हणालो.
तो काहीच बोलला नाही, उभा राहिला,
मागं तिघंजण खोळंबले तरी.
मी नवा कागद घातला.

रस्ता आला एकोणीस वर्षांनी. खडीचा.

तालुका पंचायतीवर निवडून आला त्या साली
सही शिकला : धाकलू ऐसपैस, झोरे कडेला चेंगरलेलं.
खुर्चीवर घोंगडं अंथरल्याशिवाय बसत नसे.
अर्जावर मात्र अंगठाच.
"सई कुणीबी गिरवंल."

एकदा सभेत ठरावाच्या भाषेवरून बाकं वाजली.
इकडून मराठीत बोला, तिकडून कन्नडात,
आणि कुणीतरी ओरडलं,
गवळ्या, तू नक्की कुणाचा?
तो उठला. हाताचा पंजा तोंडाशी नेला
आणि तिन्हीसांजेला रानात पांगलेल्या म्हशींना घालतात
ती हाळी घातली. लांब. भिंती फोडून जाणारी.
पंखे तेवढे फिरत राहिले.
"ही लिवून घ्या आदी. मग ठराव."
मी मागं बसलो होतो, दोन्ही लिप्यांचा जाणकार,
नुसतं पेन धरून.
इतिवृत्तात त्या जागी आलं : सभागृहात गोंधळ.
ते ऐकून तो ठसका लागेपर्यंत हसला.
ठराव वाड्यावरच्या शाळेला बाई देण्याचा होता.
बाई आली. दोन पावसाळे टिकली.

मग अभयारण्याचा फलक लागला.
राहता म्हणता, तर पुरावा द्या, तीन पिढ्यांचा.
जमातीच्या यादीत नाव आहे का?
"न्हाई. यादी कराय आली तवा आमी चराय गेलतो."
पुरावा म्हणून त्यानं म्हशी सांगितल्या :
चांदरी, चांदरीची बांडी, बांडीची मोरी,
मोरीच्या पोटची काजळी, जिला वाघानं ओढली,
तिची आंधळी पारडी...
दीड पान झालं. मी एकही गाळली नाही.
परत आलं : सोबत कागदपत्रे जोडावीत.

शेवटचा अर्ज वेगळा होता.
पोरांनी पैसे घेऊन खाली उतरायचं ठरवलं होतं.
मला वाटलं, आता हा पेटणार.
"लिवा. ज्यास्नी जायाचं त्यास्नी जाऊ द्या.
पैका ज्याचा त्याच्या हातात, मदल्याच्या न्हाई."
आणि तू?
त्यानं अंगठा शाईत दाबला,
नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ.

मार्गशीर्षात गेला. अकरा म्हशींजवळ एकटा.
शोकसभेचा मजकूर दोन्ही भाषांत हवा म्हणून
दोन पक्षांची पोरं आली :
वनवासींचा आधारवड, ज्येष्ठ नेतृत्व, पोकळी.
दिलं करून. पैसेही घेतले.

रात्री ट्रंकेतून त्या पहिल्या अर्जाची कार्बन प्रत काढली.
खव्याची पुडी तिच्यावरच ठेवली होती त्यानं.
दिव्यासमोर धरली तर तुपाच्या डागापुरता
कागद आरपार,
आणि पाठीमागून, उलटी, निळी,
डाग संपतो तिथवर अक्षरं :
उतारावर झोळी ज